स्विच जड हाय

आमच्या अप्पांइतका इंडिकेटर त्या काळी लातुरात कुणी वापरला नसेल. मोटारसायकलला ते चार पिवळे दिवे शोभेसाठी दिलेले असतात, अशीच तेव्हा सगळ्यांची समजूत होती. ज्याला वळायचं तो वळे, मागच्यानं आपलं बघून घ्यावं. अप्पांना ते खपत नसे. भर गंजबाजारातली गर्दी सोडा, आमच्या बोळात वळताना मागं फक्त एखादी शेळी असली तरी ते डाव्या अंगठ्यानं स्विच सरकवणार, दिवा लुकलुकणार, मग गाडी वळणार आणि वळून झाल्यावर स्विच परत मधे आणल्याचा 'टक' असा आवाज येणार. त्या आवाजावर आई तवा चुलीवर ठेवायची. समोरच्या काकू ओट्यावरून माझं नाव घेऊन म्हणायच्या, "आलं बघा नंदाच्या बापाचं इमान, आभाळातल्यागत बत्त्या लावून." अप्पा हसून म्हणत, "वळायच्या आधी सांगावं, वैनी. न सांगता वळायला आपण काय म्हशी हाव का?" म्हशींबद्दल असं बोलायचा त्यांना अधिकार होता, कारण त्यांची सगळी नोकरी म्हशी-बैलांतच गेली होती.

अप्पा गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. जनावरांच्या जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, लस टोचणं, अडलेल्या गाईपाशी हात घालून बसणं, ही त्यांची कामं. हुद्द्यानं ते डॉक्टर नव्हते, पण औशापासून निलंग्यापर्यंत खेड्यातली माणसं त्यांना डॉक्टरच म्हणत आणि तेही आता दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नसत. नाव नोंदवून, लई वाट बघून ती शंभर सीसीची नवी गाडी घरी आली, तेव्हा त्यांनी तिला विभूती लावली, हार घातला आणि पहिली चक्कर आईला मारून आणली. आई उतरली ती पदर सावरत म्हणाली, "मला न्हाई बाई बसायचं परत, पोटात गोळा येतो." पण तिच्या तोंडावरचा आनंद काही लपला नाही. माझा मोठा भाऊ, अण्णा, नांदेडला पॉलिटेक्निकला होता. शनिवारी एसटीनं यायचा आणि आल्याबरोबर पिशवी टाकून आधी गाडीकडं जायचा, मग आईकडं.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांवरच्या पाट्या रंगवून घेतल्या होत्या, आणि 'तालुका' ही जुनी अक्षरं नव्या रंगाखालून उन्हात दिसायची. भाड्याच्या घरांत नवे साहेब आले, जीपगाड्या आल्या, चहाच्या हॉटेलात 'जिल्ह्याचं ठिकाण' हे शब्द माणसं उगाचच बोलण्यात आणायची. आणि त्याच सुमारास लागोपाठ पाऊस गेला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी आमच्या नव्या जिल्ह्याची गत. नळ कोरडे, आड कोरडे, टँकरचा हॉर्न ऐकला की बोळातल्या सगळ्या घागरी एकदम रस्त्यावर यायच्या. डाळमिलांची घरघर मात्र चालू होती, बाहेरून माल येत होता, आणि तुरीच्या सालीचा भुगा वाऱ्यावर उडून दारं, भांडी, केस, सगळ्यांवर बसायचा. त्यात रस्त्याची धूळ. आज नांदेडला माझ्या घरी नळ सोडला की पाणी येतं, तरी तांब्या भरून झाल्यावर माझा हात आपोआप तोटीकडं जातो. सून हसते. तिला काय सांगायचं?

दुष्काळ असला तरी आमच्या घरी एक गोष्ट कमी पडली नाही, ती म्हणजे करडीचं तेल. आईच्या वडलांचा औशाकडं बैलघाणा होता आणि त्या घाण्याचा आईला विलक्षण अभिमान. भाकरीवर ती मिरचीचा ठेचा ठेवायची, त्यात बोटानं खळगा करायची आणि खळग्यात कच्चं तेल ओतायची. केसांना तेच, टाचांच्या भेगांना तेच, कानात कोमट करून तेच. दार कुरकुरलं की बिजागरीत तेच. शिवणयंत्राला दुकानातून पातळ तेल आणलं तर ती नाक मुरडून म्हणायची, "त्यात काय कस हाय? वास बघा, रॉकेलाचा." येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात न्यायची भज्जी ही मिसळभाजी आणि ताकातली आंबील त्या वर्षी शेतात गेली नाही, कारण शेतात बसायला हिरवं काहीच नव्हतं. पण घरात बसूनही आईनं भज्जी केली आणि वरून तेल सोडलं. फक्त एकाच गोष्टीवरून ती त्या तेलाला शिव्या द्यायची. तेलाच्या बुधलीच्या बुडाला आणि कढईच्या पाठीला त्याचा पिवळा, डिंकासारखा चिकटा बसे आणि तो राखेनं घासता घासता तिची नखं जात. "माझ्या बापाचं तेल हाय, धरलं की सोडत न्हाई," असं ती घासताना म्हणायची. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुष्काळी गुरांच्या छावण्या उघडल्या आणि अप्पा घरात दिसेनासे झाले. सकाळी इष्टलिंगाची पूजा, भाकरी, की निघाले. संध्याकाळी यायचे ते अंगाला शेणाचा आणि फिनेलचा वास घेऊन, डोळे लाल, बोलायचं त्राण नाही. जेवताना एकदम म्हणायचे, "त्या म्हातारीची कपिली गाय आज उठून उभी राहिली बघ." आणि परत भाकरी मोडायला लागायचे. जनावरांना दाव्याला बांधून, उसाचं वाढं घालून माणसं तिथंच झोपायची, आणि डॉक्टर आला की सगळी एकदम उठून उभी राहायची. ते त्यांना फार लागायचं. "मला बघून उठतेत ग ती," आईला म्हणायचे, "जसं काय मी पाऊसच घिऊन आलाव."

एके दिवशी सकाळी पूजेला बसलेले असताना त्यांच्या डाव्या तळहातावरचं लिंग घरंगळून मांडीवर पडलं. आमच्याकडं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात, ते हातातून पडणं म्हणजे केवढा अपशकुन. आई धावली, तर अप्पांचं तोंड वाकडं झालेलं आणि डावा हात मेल्यासारखा लोंबत होता. अंगावरून वारं गेलं होतं. दवाखान्यात किती दिवस गेले ते मला नीट आठवत नाही. आठवतो तो आईचा चेहरा आणि पलंगाखाली ठेवलेली पाण्याची कळशी, जी ती कुणालाच हात लावू देत नव्हती. डॉक्टर भले होते. म्हणाले, "जीव वाचला, पाय चालेल, हातही येईल. बोटं येतील, अंगठा सगळ्यात शेवटी. मालिश सोडू नका." मालिश म्हटल्यावर आमच्या घरात तेल कुठलं, हे सांगायला नकोच.

रोज सकाळी ऊन अंगणात आलं की आई पळीत तेल कोमट करायची आणि अप्पांचा हात मांडीवर घेऊन बसायची. खांद्यापासून खाली, कोपर, मनगट, मग एकेक बोट. तिचं तोंड तेवढा वेळ चालू असायचं. कधी अभंग, कधी वचनं, कधी सरळ दटावणी. "हाल की रे बाबा, काय रुसलायस," असं ती त्या बोटांना म्हणायची. आणि बोटं खरंच हलायला लागली. आधी करंगळी, मग तिच्या शेजारची. ज्या दिवशी अप्पांनी तळहातावर लिंग परत धरलं, त्या दिवशी आईनं बोळभर गूळ वाटला. पुढं चारी बोटांत एवढी पकड आली की गाडीचा क्लच दाबता यायला लागला. राहिला अंगठा. तो हलायचा, वाकायचा, पण त्याच्यात जोर येता येईना.

अप्पांची सगळी उमेद गाडीवर होती. रोज मालिश झाली की ते अंगणात मधल्या स्टँडवर लावलेल्या गाडीवर चढून बसत. क्लच दाबत, सोडत. मग अंगठा स्विचवर ठेवून सरकवत. सुरुवातीला सरकायचा, थोडा कष्टानं, पण सरकायचा. 'टक' झालं की स्वयंपाकघरातून आई म्हणायची, "झालं बघा!" मी तेव्हा दहावी होऊन घरात होते, त्यामुळं हे सगळं रोज बघायची. लोकांना हसू येईल, की एवढं काय त्या इंडिकेटरचं अडलं होतं? हात दाखवून वळायला काय झालं? पण हात दाखवायचा तो उजवा, आणि उजवा सोडला तर गाडी एकट्या डाव्या हातावर सावरायची. ते त्यांना जमणार नव्हतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. आणि न सांगता वळणं तर त्यांच्या रक्तातच नव्हतं. स्विच सरकला तर रस्ता, नाही तर घर, एवढा साधा हिशोब होता. छावणीतली माणसं अधूनमधून दारात येऊन उभी राहायची. "डॉक्टर कवा येतेत?" आई सांगायची, "येतील की, अंगठा तेवढा राहिलाय." ती माणसं अंगठा या शब्दावर गोंधळून जायची.

मग काही दिवसांनी अप्पा म्हणायला लागले, "स्विच जड हाय. धूळ गेलीय आत." शनिवारी अण्णा आला, त्यानं स्विच सरकवून बघितला. सरकला. तो गाडी खाजाभाईंकडं घेऊन गेला, मीही मागं बसून गेले. खाजाभाई आमच्या बोळाच्या तोंडाशी गाड्या दुरुस्त करायचे, अप्पांचे जुने दोस्त. त्यांनी ग्रीसनं काळ्या झालेल्या अंगठ्यानं स्विच डावीकडं, उजवीकडं, मधे, असा दोनचारदा फिरवला आणि मान हलवली. "स्विच में कुछ नईं है बेटा. अंगूठाच साथ नईं देरा उनका." मग जरा थांबून म्हणाले, "पन उनके दिल के वास्ते बोल देतूं, खोल के साफ कर दिया करके." अण्णानं मान खाली घातली. घरी येऊन आम्ही तसंच सांगितलं. अप्पा खूश झाले, लगेच गाडीवर बसले, आणि थोड्या वेळानं आतून मला ऐकू आलं, "तरीबी जडच हाय की रे."

आता इतक्या वर्षांनी मी यावर पुष्कळ विचार केला आहे. खाजाभाई खोटं बोलले ते मायेनं. अण्णा गप्प राहिला तोही मायेनंच. आजाऱ्याचं मन राखायचं ही आपल्याकडची रीतच आहे, त्याच्या तोंडावर कुणी खरं बोलत नाही. त्यातून असं होतं की आजारी माणूस खरं बोलला तरी त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. धडधाकट अंगठ्याला जे लोण्यासारखं लागतं, ते नुकत्याच उठू पाहणाऱ्या अंगठ्याला भिंतीसारखं लागू शकतं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्यानंतर अप्पांनी जड म्हटलं की आम्ही एकमेकांकडं बघायचो आणि "हाव अप्पा, बघूत की" म्हणायचो.

फक्त आईनं त्यांचं म्हणणं खरं मानलं. तिच्या मनात काही वेगळा विचार नव्हता, नवरा जड म्हणतोय म्हणजे जड आहे, संपलं. एका सकाळी मालिश झाल्यावर पळीत उरलेलं तेल तिनं नेऊन स्विचच्या फटीत सोडलं. "अंगठ्याला मानवलं, ह्यालाबी मानवंल," म्हणाली. आणि मानवलं की! त्या दिवशी अप्पांचा अंगठा सरकन् गेला, टक, टक, टक. अप्पा लहान पोरासारखे हसले. आईला आभाळ ठेंगणं झालं. "बघा! माझ्या बापाचं तेल हाय." मग रोजचाच नेम झाला, मालिश झाली की उरलेले दोन थेंब स्विचला. वरून तेलकट अंगठाही त्याच्यावरच. दिवसभर अंगणात ऊन, वारा, तुरीची साल, धूळ. पुन्हा स्विच अडायला लागला तर आई चार थेंब जास्त सोडायची आणि अप्पांच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायची, "हुईल हळूहळू."

छावण्यांचं काम वाढत चाललं होतं आणि माणसं कमी होती. नव्या जिल्ह्याच्या कचेरीतले साहेब एक दिवस घरी आले, ओट्यावर बसले, चहा घेतला. वागायला सभ्य माणूस. म्हणाले, "तुमची छावणीत गरज आहे, पण मी तुम्हाला असं रस्त्यावर सोडू शकत नाही. एकदा माझ्यासमोर छावणीपर्यंत गाडी चालवून दाखवा. मी जीपनं मागं येतो. जमलं तर उद्यापासून कामावर. नाही तर मग कचेरीत टेबल देतो, ती काही वाईट नोकरी नाही." अप्पा म्हणाले, "दाखवतो की." त्या दिवशी आईनं सकाळपासून उपास धरला आणि निघताना, चांगलं व्हावं म्हणून, तेलात बोट बुडवून ते स्विचमध्ये सोडलं.

पुढचं मी बघितलेलं नाही, अण्णा साहेबांबरोबर जीपमध्ये होता, त्यानं सांगितलं. अप्पा छान चालवत होते. ताठ बसलेले, वेग बेताचा. साहेब म्हणालेसुद्धा, "तुमचे वडील आपल्यापेक्षा बरे चालवतात." छावणीसाठी मोठ्या रस्त्यावरून उजवीकडं वळायचं होतं. समोरून कडब्याचा ट्रक येत होता, मागं जीप. वळण यायच्या बरंच आधी अप्पांनी अंगठा स्विचवर ठेवलेला अण्णाला दिसला. दिवा लागेना. त्यांनी परत जोर लावला. गाडी हळू झाली. मग त्यांनी मान खाली घालून अंगठ्याकडं बघितलं आणि सगळ्या अंगाचा जोर डाव्या हातावर टाकला. हँडल तिकडं ओढलं गेलं आणि गाडी रस्ता सोडून खडीच्या ढिगात गेली. लागलं फारसं नाही, गुडघा फुटला. छावणीतली माणसं धावत आली. एका म्हातारीनं जनावराच्या वाट्याची पाण्याची घागर जखम धुवायला आणली, तर अप्पा म्हणाले, "नगं मावशे, जनावराला ठिव." आणि तिथं खडीवर बसून त्या सगळ्या माणसांसमोर ते रडले. अण्णानं अप्पांना रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी स्विचचं नावही काढलं नाही. एवढंच म्हणाले, "मेला माझा अंगठा." आणि दुसऱ्या आठवड्यापासून कचेरीत जायला लागले. टपालावर शिक्के मारायचं काम. उजव्या हाताचं. ज्या माणसाला रात्री-अपरात्री कुणाची गाय अडली तर घाई सुटायची, तो माणूस शिक्क्याची शाई वाळेपर्यंत भिंतीकडं बघत बसायला शिकला. घरात बोलणं कमी झालं. छावणीतून कुणी आलं तर ते आत जाऊन पडायचे आणि मला म्हणायचे, "न्हाईत म्हणून सांग." मालिश चालू होती, तेवढी एक. गाडी पोत्याखाली झाकून ठेवली. मला त्या पोत्याकडं बघवत नसे.

पाऊस आला, छावण्या मोडल्या, जनावरं घरी गेली. अण्णाला नांदेडला कामावर घेतलं आणि तो गाडी न्यायला आला. खरं तर अप्पांनीच निरोप धाडला होता की घेऊन जा, गंजून जाईल. दुपारची वेळ. अण्णानं अंगणात गाडी धुतली, तेल बदललं, साखळी ताणली. मग स्विच सरकवायला गेला तर जागचा हलेना. त्याच्या अंगठ्यालाही हलेना. त्यानं खालचे दोन स्क्रू काढून स्विचचे दोन भाग वेगळे केले. मी शेजारी वाटी धरून बसले होते, आतली स्प्रिंग आणि बारीक छर्रा उडून जाऊ नये म्हणून. पण काहीच उडालं नाही. छर्रा, स्प्रिंग, सरकपट्टी, सगळं एका पिवळ्या, चिवट राळेत बसलेलं होतं, वरून धुळीचा थर. अण्णा म्हणाला, "हे काय बसलंय?"

आई तांदूळ निवडत होती. ती उठून आली, तिनं बोटानं ते खरवडलं, चिमटीत चोळलं, नाकाशी नेलं. तिला वास घ्यायचीसुद्धा गरज नव्हती. आयुष्यभर तिनं ते बुधलीच्या बुडाचं खरवडलं होतं. "हे तर आपलं तेल हाय," ती म्हणाली. मग फार हळू, "मीच सोडत व्हते की रोज." आणि तिनं अण्णाकडं असं बघितलं की अण्णानं नजर चुकवली. ती म्हणाली, "धू आधी. धुऊन बघ. त्याहिला गाडीवर बसीव." आणि आत निघून गेली. तिला उत्तर ऐकायचं होतं आणि ऐकायचं नव्हतंही. स्विच धुऊन अप्पांच्या अंगठ्यानं सरकला, तर अप्पांचा अंगठा तेव्हाही जिवंत होता आणि तिच्या तेलानं त्यांना खडीत पाडलं. नाही सरकला, तर अंगठाच गेलेला होता, तेलाचा दोष नव्हता. हे आम्हा तिघांनाही न बोलता कळलं होतं.

अण्णानं पेट्रोलची वाटी घेतली. दात घासायच्या जुन्या ब्रशानं एकेक तुकडा घासला. पिवळं पाणी निघत गेलं. पितळेच्या पट्ट्या खोडरबरानं चोळून उजळ केल्या, सगळं उन्हात वाळवलं. मग आगकाडीच्या टोकावर पांढऱ्या ग्रीसचा अगदी मोहरीएवढा ठिपका घेऊन सरकपट्टीला आणि छर्ऱ्याला लावला. "एवढंच लागतं," तो म्हणाला, "जास्त लावलं की धूळ धरतं." स्प्रिंग बसवली, छर्रा बसवला, दोन्ही भाग जोडले, स्क्रू आवळले. आणि त्यानं हाक मारली, "अप्पा, जरा बसा बरं."

अप्पा आधी नकोच म्हणाले. मग आले, धोतर सावरून गाडीवर बसले. अण्णानं किल्ली फिरवली. अप्पांनी अंगठा ठेवला आणि नुसता टेकवल्यासारखा सरकवला. टक. मी गाडीच्या पुढं उभी होते, माझ्या डोळ्यांसमोर उजवा दिवा लुकलुकायला लागला. अप्पांनी परत मधे आणला, मग डावीकडं. टक. डावा दिवा. त्यांनी अंगठ्याकडं बघितलं, स्विचकडं बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला अजून नीट लिहिता येत नाही. "मी म्हणलो व्हतो," ते म्हणाले. "मी म्हणलो व्हतो का न्हाई रे, स्विच जड हाय म्हणून?" अण्णाला हुंदका आला आणि तो हसत ओरडला, "आई! भाईर ये!"

आई दारात आली. हात पिठाचे, चेहरा राखेसारखा. दिव्याकडं तिनं बघितलंच नाही, तिची नजर अप्पांच्या तोंडावर होती. अप्पांनी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं, मग पेट्रोलच्या वाटीतल्या पिवळ्या पाण्याकडं, आणि त्यांचा उजवा हात किल्लीकडं गेला. दिवा विझला. "सरकलं का?" तिनं विचारलं.

अप्पांनी अंगठा स्विचवर ठेवला. दात आवळले, मानेच्या शिरा ताणल्या, खांदा पुढं काढला. अगदी तसेच, जसे अण्णानं जीपमधून पाहिलं होतं. स्विच हलला नाही. थोडा वेळ तसंच धरून त्यांनी हात सोडला आणि हुश्श केलं. "न्हाई ग," म्हणाले, "स्विचला काय धाड भरलीय? अंगठाच मेलाय माझा. तवाच मेला व्हता."

आई उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. केवढं रडली! आणि रडता रडता म्हणाली, "मला वाटलं मीच..." अप्पा म्हणाले, "तू काय करणार? खुळी का काय." अण्णानं तोंड उघडलं, पण अप्पांनी त्याच्याकडं बघितलं आणि त्यानं ते मिटलं. त्याच संध्याकाळी तो गाडी घेऊन नांदेडला गेला. बोळाच्या तोंडाशी वळताना त्यानं इंडिकेटर लावला नाही.

आई आत गेल्यावर मी अप्पांना म्हणाले, "दिवा लागला व्हता अप्पा. मी बघितला." त्यांनी आधी दाराकडं बघितलं. मग म्हणाले, "मलाबी दिसला, बये. पण तिनं सालभर ज्या हातानं माझं अंग चोळलं, त्या हाताकडं ती जलमभर कशी बघत बसली असती, ते मला बघवलं नसतं." मग अंगठ्यानं धोतराचा काठ चिमटीत धरून झटकला आणि उठले.

आई गेली त्यालाही आता पुष्कळ दिवस झाले. तिला शेवटपर्यंत कळलं नाही, निदान आम्ही तरी कळू दिलं नाही. अप्पा निवृत्त होईपर्यंत शिक्के मारत राहिले आणि गाडीवर परत कधी बसले नाहीत. त्या दुपारच्या दुसऱ्या दिवशी सकाळीही ते नेहमीसारखे पिशवी घेऊन पायी कचेरीला निघाले. आई दारापर्यंत आली. कित्येक महिन्यांनी तिचा आवाज मला मोकळा वाटला. म्हणाली, "सावलीसावलीनं जावा."